ट्रॅक्टरचे दोन ब्रेक : शेतात सुटे, सडकेवर जोडलेले



छोट्या ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या उजव्या पायाखाली ब्रेकची दोन पेडले असतात. मोटारीला एकच, जीपला एकच, एस.टी.च्या गाडीलाही एकच. मग ट्रॅक्टरलाच दोन कशाला? विचारले तर बहुतेक जण चटकन सांगतात, "वळायला." उत्तर बरोबर आहे. पण ते वळणे कसे घडते, केव्हा तसे वळावे व केव्हा वळू नये, आणि शेताच्या धुऱ्यावर आपल्या कामी येणारी हीच दोन पेडले डांबरी सडकेवर जिवावर कशी उठतात, हे मात्र फार थोड्यांनी नीट समजून घेतलेले असते. आजचे आपले बोलणे त्याविषयी आहे.

बुलढाणा जिल्ह्यात आपण घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन मुलूख मानतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, भारी काळी जमीन. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाकडे चढउताराची, बांधबंदिस्तीची राने. दोन्हीकडे सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा हीच मुख्य पिके. ज्यांना बैलजोडी पोसणे जड झाले, त्यांच्याकडे डवऱ्याचे काम आता छोटा ट्रॅक्टर करू लागला आहे. हा ट्रॅक्टर उभ्या पिकात शिरतो, आणि त्याची खरी परीक्षा तिथेच होते. सोयाबीनच्या दोन तासांत ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट अंतर धरा. मागचा टायर ८ इंच रुंद असला तर त्याने सुमारे २० सेंटिमीटर जागा घेतली. दोन्ही बाजूंना उरली साडेबारा-साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभरसुद्धा नाही. सरळ जाताना हे जमते हो. कसब लागते ते धुऱ्यावर वळून पुन्हा नेमके तासात शिरताना.

आणि वळणे काही थोडी नसतात. शंभर मीटर लांब व चाळीस मीटर रुंद असा तुकडा घ्या. तो एकराला किंचित कमी भरतो. एका वेळी सोयाबीनची तीन तासे डवरली, तर एका पाळीत एक मीटर पस्तीस सेंटिमीटर रुंदी उरकते. म्हणजे त्या तुकड्यात तीस पाळ्या झाल्या, आणि जवळजवळ तितकीच वळणे. प्रत्येक वळणाला दोन्ही टोकांना जागा हवी. त्या जागेत आपण आडवी तासे टाकतो खरी, पण ट्रॅक्टर त्यांवरूनच फिरतो आणि त्यांतले बरेचसे पीक तुडवले जाते. वळायला टोकाशी चार मीटरचा पट्टा लागला, तर दोन्ही टोकांचे मिळून ३२० चौरस मीटर झाले, म्हणजे तीन गुंठ्यांहून थोडे जास्त. तोच पट्टा तीन मीटरवर आणता आला, तर पाऊण गुंठ्याहून अधिक रान वाचले. हाच तुकडा आडवा धरून चाळीस मीटरच्या आखूड तासांनी पेरला, तर वळणे अडीचपट होतात आणि चार मीटरचे पट्टे आठ गुंठे खातात. (म्हणून उतारावरही लांबीकडूनच पेरा, असे मात्र मी म्हणत नाही. उताराला आडवी पेरणी हा माती वाचवण्याचा नियम आहे आणि तो वळणाच्या सोयीपेक्षा मोठा आहे.)

आता ब्रेकने वळणे म्हणजे काय ते पाहू. ज्याने औत हाकले आहे त्याला हे नवीन नाही. धुऱ्याशी आल्यावर आपण काय करतो? आतल्या अंगाच्या बैलाचा कासरा ओढून त्याला धरतो. तो जागच्या जागी पाय बदलत राहतो आणि बाहेरच्या अंगाचा बैल त्याच्याभोवती फेरा घेतो. दोघेही सारखेच चालत राहिले तर जोडी लांबवर जाऊन वळेल, आणि तोवर शेजाऱ्याचे पीक पायाखाली गेलेले असेल. ट्रॅक्टरच्या आतल्या चाकाचा ब्रेक म्हणजे त्या आतल्या बैलाचा कासरा. चाक धरले की ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरतो.

पण बैल दोन आणि इंजिन एक. एकाच इंजिनाने फिरणारी दोन चाके वेगवेगळ्या वेगाने कशी चालतील? त्यासाठी मागच्या आसाच्या मधोमध, त्या जाड लोखंडी पेटीत, दातेरी चाकांची एक जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिची मूळ कल्पना जुनी आहे. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट घेतले होते. ही जुळणी दोन कामे करते. एक, दोन्ही चाकांना नेहमी सारखा जोर वाटून देते. दोन, त्यांच्या वेगांची बेरीज कायम ठेवते. एकाचा वेग जेवढा घटेल तेवढाच दुसऱ्याचा वाढतो. एक चाक पुरते थांबले तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते.

यातली जोराची वाटणी कळायला जुवाकडे पाहा. जू मधोमध दांडीला बांधलेले असते. एक बैल पाऊलभर पुढे गेला, दुसरा मागे राहिला, तरी जू तिरके होते आणि ओढ दोघांवर सारखीच राहते. आणि एक बैल बसलाच, तर? दुसऱ्याने कितीही जोर केला तरी जू नुसते फिरते, औत हलत नाही. ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर असूनही ढिम्म उभे राहते, ते याच कारणाने. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

शाळेतल्या गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. त्याला ट्रॅक्टर नको, साहित्यही नको. पाच-सहा हात लांबीची काठी घ्या. एक मुलगा डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला आणि एक बरोबर मध्ये असे तिघांना काठी धरून उभे करा. मधल्याने टाळ्यांच्या तालावर सारख्या चालीने चालायचे. तिघे सरळ चालले की तिघांचीही पावले सारखी. आता डाव्या टोकाच्या मुलाला जागीच गिरकी घ्यायला सांगा. मधला आपल्या चालीनेच चालतो आहे, पण उजव्या टोकाच्या मुलाला मात्र जवळजवळ पळावे लागते. जमिनीवर खडूने दोघांच्या वाटा आखा आणि मोजा. बाहेरच्या मुलाची वाट मधल्याच्या दुप्पट भरेल. मधला मुलगा म्हणजे इंजिनाकडून येणारी गती, टोकांची मुले म्हणजे दोन चाके. वर्तुळ, त्रिज्या व परीघ हे धडे शिकवताना हा खेळ घेतला, तर गणित आणि शेती दोन्ही साधतात.

वळण किती आखूड होते, याचाही हिशेब करता येतो. समजा, पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दीड मीटर आहे, डाव्या-उजव्या चाकांमधले एक मीटर आहे, आणि स्टेअरिंग पुरते फिरवल्यावर पुढचे आतले चाक ४५ अंशांत वळते. ब्रेक न लावता वळले, तर पुढच्या बाहेरच्या चाकाचा फेरा सुमारे २.९ मीटर त्रिज्येचा होतो. मागचे आतले चाक अगदी खिळवून, त्याच्याभोवती फिरता आले, तर तोच फेरा १.८ मीटरवर येतो. प्रत्यक्षात आपण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. कारण आतल्या मागच्या चाकाभोवती फिरायचे म्हणजे पुढचे आतले चाक काटकोनात वळायला हवे, आणि तेवढे ते वळत नाही. मग ती पुढची चाके थोडी फरफटत, घासत जातात. जो कायम ब्रेकवरच वळतो, त्याचे पुढचे टायर लवकर झिजतात ते यामुळे. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणीची संस्था १९५५ पासून आहे. तिथल्या चाचणीच्या अहवालांत वळणाची त्रिज्या ब्रेकसह किती आणि ब्रेकविना किती, अशी दोन्ही प्रकारे दिलेली असते. नवा ट्रॅक्टर घेताना विक्रेता एकच आकडा सांगेल, आणि तो बहुधा ब्रेकसहचा, म्हणजे लहान असेल. दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

ही युक्ती कपाशीच्या आणि मक्याच्या तासांतूनच पुढे आली, हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत १९२४ साली फार्मॉल नावाचा ट्रॅक्टर बाजारात आला. तो मुद्दाम तासांतल्या पिकांत चालण्यासाठी बनवला होता. त्याचे स्टेअरिंग पुरते फिरवले की तारांनी जोडलेला आतल्या चाकाचा ब्रेक आपोआप लागत असे. पुढे ते काम चालकाच्या पायाकडे आले आणि दोन पेडले हीच सर्वत्र रीत झाली. गंमत अशी की जपानमधल्या काही छोट्या ट्रॅक्टरांत वळताना आतला ब्रेक आपोआप लावण्याची सोय पुन्हा आलेली आहे. आणि ज्याला पुढची वळणारी चाकेच नाहीत, अशा यंत्राला तर याच्याशिवाय दुसरा मार्गच नसतो. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. कासाच्या गवताने व्यापलेली जमीन मोठ्या ट्रॅक्टरांनी मोडून पिकाखाली आणणे हा त्याचा हेतू होता, आणि मध्य प्रदेशात ते काम चाले. आपला बुलढाणा जिल्हाही १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यातच होता. असल्या भारी कामाला चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी यंत्रे घेतात. तसले यंत्र कसे वळते ते पाहायचे असेल, तर नाल्याच्या खोलीकरणाला आलेले पोकलेन पाहा. एका बाजूचा पट्टा थांबतो, दुसरा चालतो, आणि धूड जागेवर फिरते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. बहुतेक ट्रॅक्टरांवर डाव्या पायाखाली क्लच असतो आणि उजव्या पायाखाली ब्रेकची जोडी. जोडीतले डावे पेडल डाव्या मागच्या चाकाचे, उजवे पेडल उजव्या मागच्या चाकाचे. दोन्हींचे काम उजव्याच पायाने करायचे. शेतात उतरल्यावर, काम सुरू करण्याआधी, दोन्ही पेडलांना जोडणारी लहानशी लोखंडी पट्टी असते ती सोडवून बाजूला करावी. आपण तिला कडी म्हणू. ही कडी आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. तिच्याकडे पुन्हा येतो.

धुरा आला की आधी रेस कमी करा. मग लिफ्टने अवजार पुरते उचला. अवजार जमिनीत असताना ब्रेकवर वळलात तर ट्रॅक्टर फिरू पाहतो आणि फण मातीत अडकलेले राहतात. फण वाकतात, लिफ्टच्या बाजूच्या साखळ्या ताणतात, कधी जोडणीच्या पिना तुटतात. रोटाव्हेटर असेल तर उचलण्याआधी पीटीओ बंद करण्याची सवय ठेवा. उचललेल्या अवस्थेत त्याचा जोडदांडा तिरका होतो, आणि तशात तो फिरत राहिला तर त्याच्या सांध्यांना मार बसतो. अवजार उचलले, मग स्टेअरिंग पुरते फिरवा. पुढची चाके वळली, ट्रॅक्टर वळू लागला, की मगच आतल्या बाजूचे पेडल हळूहळू दाबा. क्रम हाच: रेस, लिफ्ट, स्टेअरिंग, ब्रेक. पुष्कळ जण आधी ब्रेक दाबतात आणि मग चाक फिरवतात. पुढची चाके सरळ असताना मागचे एक चाक धरले, तर ट्रॅक्टर वळण्याऐवजी घसरतो, पुढचे टायर माती ढकलत जातात आणि इंजिन उगाच दबते.

पेडल किती दाबावे? चाक खिळेपर्यंत नाही. आतले चाक सावकाश का होईना फिरत राहील, एवढेच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. कासरा असा धरतात ना, की बैल थांबत नाही पण रेटतही नाही, तसे. खिळलेले चाक एकाच जागी मातीत गिरकी घेते आणि खळगा पाडते. पुढच्या पाळीला त्याच खळग्यात टायर बसतो, ट्रॅक्टर हेलकावतो आणि अवजाराची खोली बिघडते. ट्रॅक्टरचे तोंड नव्या तासाकडे जवळजवळ आले की पेडल सोडा, आणि मग स्टेअरिंग सरळ करा. तासात शिरल्यावर अवजार टेका. एक वळण डावीकडे, पुढचे उजवीकडे, असे आळीपाळीने येत असल्याने नवशिक्याचा पाय हमखास चुकीच्या पेडलवर जातो. त्याला आधी मोकळ्या पडीक रानात, अवजार न जोडता, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये तासभर नुसती वळणे घ्यायला लावा.

आमच्या काळ्या जमिनीविषयी चार शब्द वेगळे सांगायला हवेत. वाफसा आलेला नसताना काळ्या रानात ब्रेकवर वळणे म्हणजे धुऱ्याशी चिखल तुडवणे होय. आतले चाक माती दाबून गुळगुळीत करते, वर गोळे निघतात, आणि ती जागा वाळल्यावर दगडासारखी होते. तिथे पुढे हरभरा नीट उगवत नाही. पुढची चाके तर ओल्या चिखलात नुसतीच सरकतात. अशा वेळी माझे मत विचाराल तर ट्रॅक्टर घरी उभा ठेवावा. तेवढी घाई असेलच, तर पाळ्यांचा क्रम बदलून ब्रेकची गरजच टाळता येते. मघाच्या मापाचा ट्रॅक्टर ब्रेक न लावता पुरता उलट फिरला, की सुमारे चार मीटर बाजूला निघतो. आपल्या पाळीची रुंदी १.३५ मीटर. तिच्या तिप्पट झाले चार मीटरच. म्हणजे पहिल्या पाळीनंतर शेजारची दुसरी घ्यायला झगडू नका, मध्ये दोन सोडून चौथी घ्या. मग सातवी, दहावी, असे पलीकडच्या धुऱ्यापर्यंत जा. येताना राहिलेल्यांतून तसेच तीन-तीनच्या अंतराने परत या, आणि तिसऱ्या खेपेला उरलेल्या उरका. मोजणी चुकू नये म्हणून टोकांना काठ्या रोवून त्यांना चिंध्या बांधा. चांगला चालक ब्रेक कमी वापरतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. फक्त काठाच्या वळणांना, झाडापाशी, विहिरीच्या कठड्यापाशी, संत्र्याच्या बागेत ओळ बदलताना तो लागतोच.

मघाशी जुवाची गोष्ट ध्यानात ठेवा म्हटले होते. एक चाक चिखलात फसून गरगर फिरत असेल, तर कडी सुटी असताना त्याच फिरणाऱ्या चाकाचे पेडल हलके दाबून पाहा. बसलेल्या बैलाच्या बाजूचे जू हाताने धरल्यासारखे होते. फिरणाऱ्या चाकाला अडथळा आला की तेवढाच जोर पलीकडच्या, पक्क्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो, आणि ट्रॅक्टर पुष्कळदा आपला आपण निघतो. हे अगदी कमी रेसवर करावे. यासाठीच आणखी एक सोय असते, डिफरन्शियल लॉक. बऱ्याच ट्रॅक्टरांवर ते टाचेने दाबायचे असते. ते लावले की दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात आणि सारखीच फिरतात. साहजिकच ते लागलेले असताना वळायचे नाही, आणि एका बाजूचा ब्रेक तर मुळीच दाबायचा नाही. चाके जखडलेली असताना एकाला धरले, तर वळण घडत नाही, सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. चारही चाकांना जोर असणारे छोटे ट्रॅक्टरही आता आहेत. त्यांच्यावर कठीण जमिनीत ब्रेकवर आखूड वळण्याआधी पुढच्या चाकांचा जोर बंद करावा, नाहीतर पुढच्या आसाचे दाते उगाच झिजतात.

आणखी एक ठिकाण म्हणजे उतार. घाटावरच्या रानांत बांधाला लागून तिरक्या उतारावर वळण घ्यावे लागते. तासांत बसावा म्हणून छोट्या ट्रॅक्टरची चाके जवळजवळ ठेवलेली असतात. चाके जेवढी जवळ, तेवढा तो कलंडायला हलका. तिथे ब्रेकचे आखूड वळण नको. जागा थोडी जास्त गेली तरी चालेल, पण सपाटीला येऊन वळावे.

आता कडीकडे येऊ. दोन पेडले सुटी असणे हे शेतातल्या माणसाच्या चालीसाठी आहे. ताशी ३ किलोमीटर वेगाने चाललेल्या ट्रॅक्टरचे एक चाक धरले, तर तो शहाण्यासारखा वळतो. तोच ट्रॅक्टर सडकेवर ताशी २४ किलोमीटरने चालला आहे, समोर अचानक म्हैस आली, आणि घाबरून पाय पडला तो एकाच पेडलवर. वेग आठपट झाला आहे. पण तेवढ्याच आखूड वळणात बाहेर फेकणारा जोर आठपट होत नाही, आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्टपट होतो. ट्रॅक्टर आतल्या चाकाभोवती गर्रकन फिरतो आणि बाहेरच्या अंगावर कलंडतो. हे घडायला एक-दोन सेकंद पुरतात. स्टेअरिंग सावरायला वेळच नसतो. दोन्ही पेडलांवर पाय पडला, पण एकावर थोडा जास्त पडला, तरीही तेच, फक्त थोडे कमी.

मागे ट्रॉली असेल तर आणखी वाईट. आपल्याकडच्या पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सोयाबीनची पोती भरून बुलढाण्याहून राजूरच्या घाटाने मलकापूरकडे उतरत आहात, किंवा बोथ्याच्या घाटाने खामगावच्या बाजारात कापूस घेऊन निघाला आहात, असे समजा. उतारावर सगळे वजन मागून ढकलत असते. एकाच चाकाचा ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा होतो, आणि मागची ट्रॉली थांबत नाही. ती त्याला तशीच रेटते. दोघे अडकित्त्यासारखे मिटतात आणि चालक मध्ये सापडतो. घाटात जोडलेली कडी आणि खालचा गिअर, दोन्ही हवेत. उतार लागण्याआधीच गिअर खाली घ्या. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवण्याचा प्रकार तर घाटात कधीच करू नका.

कडी लावायला माणूस विसरतो तो आळसाने नव्हे, तर काम हातोहात बदलते म्हणून. सकाळी थोरल्या भावाने डवरणी केली, कडी सुटी. दुपारी धाकट्याने ट्रॉली जोडली आणि गावाकडे निघाला. त्याने पेडलांकडे पाहिले नाही. त्याला वाटले, नेहमीसारखी लावलेलीच असेल. किंवा शेजाऱ्याने ट्रॅक्टर मागून नेला. म्हणून घरात एकच रीत ठरवून टाका: शेतातून बाहेर पडताना, चाक सडकेला लागण्याआधी, धुऱ्यावरच थांबून कडी लावायची. आणि ट्रॅक्टर ज्याच्या हाती येईल त्याने बसल्याबरोबर, चावी फिरवण्याआधी, खाली वाकून कडी हाताने चाचपायची. मडगार्डवर पोरांना बसवून नेण्याची सवयही याच बोलण्यात येते. ट्रॅक्टर आडवा झाला तर चालकाच्या हाती निदान स्टेअरिंग असते. पोराच्या हाती काहीच नसते.

कडी लावली म्हणजे काम संपले असेही नाही. कडी दोन्ही पेडले बरोबर दाबते, पण दोन्ही चाके सारखी थांबवणे तिच्या हाती नाही. कुणी रोटाव्हेटरचे काम शेताभोवती गोल फेऱ्यांनी करतो. तो दिवसभर एकाच बाजूला वळतो, म्हणून त्या एका चाकाचाच ब्रेक झिजतो. आठवड्याने कडी लावून सडकेवर आला, ब्रेक दाबला, की एक चाक धरते, दुसरे धरत नाही. आणि कडी असूनही ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. तेव्हा फेऱ्याची दिशा अधूनमधून बदलत जा, आणि हंगामाच्या आधी व मध्ये एकदा ही तपासणी करा. ट्रॉली व अवजार सोडा. कोरड्या, सपाट, मोकळ्या मातीच्या मैदानात कडी लावून ट्रॅक्टर माणसाच्या भरभर चालीइतक्या वेगाने चालवा, स्टेअरिंग सरळ धरा आणि ब्रेक दाबा. उतरून मागच्या दोन्ही टायरांच्या घसरल्याच्या खुणा पाहा. दोन्ही सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब, एक आखूड किंवा नाहीच, तर ब्रेक असमान आहेत. पेडल दाबताना आधी थोडा भाग मोकळा जातो आणि मग जोर लागतो. हा मोकळा भाग दोन्ही पेडलांचा सारखा हवा, आणि तो किती ठेवायचा हे ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. जुळवणी केल्यावर पुन्हा तीच चाचणी घ्या, आधी सावकाश, मग थोड्या जास्त वेगाने.

उतारावर ट्रॅक्टर उभा करतानाही दोन्ही पेडले जोडूनच ब्रेक अडकवा. एकाच चाकाचा ब्रेक अडकला, तर ट्रॅक्टर त्या चाकाभोवती हळूच फिरून उताराकडे तोंड करतो. चाकांना दगडाची उटी लावा आणि अवजार खाली टेकवून ठेवा.

पावसाळ्यात ही कडी चिखलाने भरते, गंजते आणि बसेनाशी होते. मग कुणी ती काढून अवजारांच्या पेटीत टाकतो, कुणी तिच्याऐवजी तार गुंडाळतो. तार ताणते, सुटते, आणि नेमकी जोराने ब्रेक दाबण्याच्या वेळी सुटते. आठवड्यातून एकदा कडीची खीळ पाण्याने धुऊन, पुसून, तिला दोन थेंब तेल सोडा. ती वाकली किंवा हरवली असेल, तर ट्रॅक्टर सडकेवर आणण्याआधी नवी बसवून घ्या.